बर्फाच्या मशीनचा कायदा

आमच्या कॉलेजात कायद्याचे वर्ग सकाळी सव्वासातला भरतात. विद्यार्थी सगळे पोटापाण्याला लागलेले. कुणी बँकेत, कुणी पोलिसात, कुणी निवृत्त होऊन आता शिकायची हौस भागवणारे. वर्ग साडेनवाला सुटतो आणि मग अंधेरीच्या पुलाखाली सगळे आपापल्या कामाला पांगतात. मी तिथे तौलनिक कायदा शिकवतो. म्हणजे एकाच प्रश्नाला चार देशांचे कायदे काय उत्तर देतात, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. विषय ऐच्छिक आहे. यात मार्क चांगले पडतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून मुलं तो घेतात. मुलं म्हणायची आपली सवय, नाहीतर त्या वर्षी पहिल्या बाकावर बसणाऱ्या ताई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्याच होत्या.

त्या अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या कोळीवाड्यातल्या. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिव. पहाटे बंदरावर जाऊन, घरचं आवरून वर्गात यायच्या आणि तरी आमच्यात सगळ्यांत वेळेवर त्याच असायच्या. पन्नाशी जवळ आल्यावर कायदा का शिकावासा वाटला, असं मी एकदा विचारलं होतं. संस्थेकडे इंग्रजीतले कागद येतात, ते वाचायला दर वेळी बाहेरचा माणूस शोधावा लागतो, आणि बाहेरचा माणूस आपल्याला पटेल तेवढंच वाचून दाखवतो, असं त्यांनी सांगितलं.

त्या पावसाळ्यात मी पवईच्या एका परिसंवादासाठी निबंध लिहीत होतो. विषय होता तंत्रज्ञानाचं सार्वभौमत्व. देश ज्या चिपवर, ज्या सॉफ्टवेअरवर, ज्या उपग्रहांवर चालतो, त्यावर त्या देशाचा ताबा किती, आणि तो ताबा मिळवायला युरोप, अमेरिका, चीन, आपण, कोण कुठले कायदे करतंय, असा सगळा पसारा. मी त्यात पुरता बुडालो होतो, आणि बुडालेला मास्तर वर्गालाही बरोबर ओढतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर चार रकाने पाडले, वर चार नावं लिहिली आणि तासभर बोललो. बोलणं चांगलं झालं असं मला वाटलं.

तास संपताना ताईंनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, मशीन आपलं, वीज आपली, पाणी आपलं. पण ते चालू करायचं की नाही, ते दुसऱ्या देशातला कॉम्प्युटर ठरवणार. याला कायद्यात काय म्हणायचं?"

मी विचारलं, कसलं मशीन. त्या म्हणाल्या, बर्फाचं.

मी तेव्हा जे उत्तर दिलं, ते मला अजून आठवतं, कारण ते अगदी बरोबर होतं आणि कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो की तुम्ही सांगताय तो खाजगी कराराचा प्रश्न आहे, सार्वभौमत्व हा राज्यांच्या पातळीवरचा विषय आहे, दोन्हींची गल्लत करू नये. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली पट्टीने रेघ मारली. ती रेघ बघून मला अवघडल्यासारखं झालं. जोगेश्वरीला घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. बाई मला विषयाची व्याख्या विचारत नव्हती. तिचं काहीतरी अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना थांबवून सगळं विचारून घेतलं. दोन वर्षांपूर्वी संस्थेने परदेशी बनावटीचं बर्फाचं मशीन घेतलं होतं. कारखान्यातून लाद्या आणायच्या, त्या फोडायच्या, निम्मा बर्फ वाटेतच वितळायचा, हे सगळं संपेल म्हणून. मशीन मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत बंद ठेवलेलं. आता एक ऑगस्टला होड्या समुद्रात जाणार, म्हणून चाचणीसाठी बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की सेवेची परवानगी संपली आहे. हे मशीन अधूनमधून इंटरनेटवरून आपल्या कंपनीला विचारायचं, चालू का? कंपनीचा कॉम्प्युटर हो म्हणायचा, मग ते चालायचं. मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि हो म्हणणारा कॉम्प्युटर बंद करून टाकला. मशीनला काही झालेलं नव्हतं. त्याला फक्त कुणी हो म्हणत नव्हतं.

"मग कंपनी काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, नवीन मॉडेल घ्या."

त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो. कोळीवाड्यात बंदीच्या दिवसांत एक वेगळीच लगबग असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांना रंग चाललेला, अंगणाअंगणात जाळी दुरुस्त करणारी माणसं. संस्थेच्या शेडमध्ये मशीन उभं होतं, पांढरं स्वच्छ, वर पूजेचा झेंडूचा हार सुकलेला. संस्थेचे अध्यक्ष खुर्ची टाकून शेजारीच बसले होते, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. सत्तरीचे, दोन होड्यांचे मालक, सगळे त्यांना नाखवा म्हणत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ताईंना विचारलं, "वकील आणलास का मिस्त्री, गो?"

"मास्तर आणलेत, नाखवा," ताई म्हणाल्या.

नाखवांनी यावर चहा सांगितला, त्यावरून पूर्ण निराशा झाली नसावी असा मी अर्थ काढला.

ताईंनी फाइल काढली. करार वीस-बावीस पानांचा, बारीक अक्षरांतला. मी सरावाने थेट शेवटच्या पानांकडे गेलो, कारण अशा करारांचं विष शेपटीत असतं. आणि ते होतंच. या करारातून निघणाऱ्या वादांना युरोपातल्या अमुक एका देशाचा कायदा लागू राहील. मी ते वाचून दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. बारा वर्षं मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो की हे कलम म्हणजे सापळा. अंधेरीतल्या माणसाला परदेशी कायद्याच्या नुसत्या नावाने घाबरवायचं, म्हणजे तो भांडायलाच येत नाही.

नाखवांनी विचारलं, "त्या देशाचा कायदा वाईट हाय काय?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. तो कायदा मला माहीत होता. माझ्या निबंधात तो एका तळटीपेत होता. युरोपातल्या त्या कायद्याप्रमाणे, प्रोग्राम रीतसर विकत घेतलेल्या माणसाला, तो वापरताना आडवी आलेली चूक दुरुस्त करायला वेगळी परवानगी लागत नाही, करारात तशी मनाई नसेल तर. आणि दुसरं यंत्र त्याच्याशी जोडायचं असेल, तर त्यापुरतं आत बघायची मुभा करार करूनही काढून घेता येत नाही. आपल्याकडच्या कॉपीराइटच्या कायद्यातही याच्या जवळपास जाणारं कलम आहे. हे सगळं मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. कुणाला तरी लागेल अशी कल्पना मात्र केली नव्हती.

"वाईट नाही," मी म्हणालो. "बहुतेक आपल्या बाजूचा आहे."

नाखवांनी चहाबरोबर खारी मागवली.

सोमवारी मी फळा पुसला आणि वर्गासमोर करार ठेवला. ताईंनी संस्थेकडून रीतसर परवानगी आणली होती, कंपनीचं नाव झाकून प्रती काढल्या होत्या. त्या दिवशीचा वर्ग मी विसरणार नाही. एरवी साडेआठनंतर घड्याळाकडे बघणारे लोक पान उलटत होते. मुख्य वाद एका मुद्द्यावर अडला. पोलीस खात्यातला एक हवालदार विद्यार्थी होता, त्याने तो काढला. तो म्हणाला, सर, कायदा चूक दुरुस्त करू देतो, पण ही चूक कुठे आहे? हे तर मुद्दाम लावलेलं कुलूप आहे. कुलूप लावणं म्हणजे चूक नव्हे. बँकेतली एक बाई त्याच्याशी सहमत झाली. मी म्हणालो, विचार करू.

ताई तोवर दुसऱ्याच पानावर होत्या. त्यांचं इंग्रजी सवयीचं नव्हतं, म्हणून त्या ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचायच्या. आम्ही बाकीचे इंग्रजी करार जसे वाचतो, वरून घसरत, तसं त्यांना जमतच नव्हतं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. त्यांनी ती मोठ्याने वाचली. त्यात लिहिलं होतं की मशीनमधला प्रोग्राम वापरण्याचा हक्क मशीनच्या आयुष्यभरासाठी दिलेला आहे.

"मशीन अजून जिवंत आहे ना, सर?" त्यांनी विचारलं. "मग परवानगी संपली असं जे पडद्यावर येतंय, ते खोटं आहे. खोटं दाखवणं म्हणजे चूकच की."

हवालदारानेच मान हलवली. पुढचा अर्धा तास आम्ही सगळे मिळून दुरुस्तीला मनाई करणारी ओळ शोधत होतो. प्रत काढू नये, विकू नये, भाड्याने देऊ नये, सगळं होतं. दुरुस्त करू नये, असं कुठेच नव्हतं. करार लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार की कुणी कोळीवाड्यातला माणूस दुरुस्त करायला बसेल.

पत्राचा मसुदा मी केला. चार पानांचा झाला. तीन देशांचे दाखले, दोन्ही कायद्यांतली कलमं, भाषा भारदस्त. ताईंनी तो शांतपणे वाचला, छान आहे म्हणाल्या आणि स्वतः अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: आमचं मशीन ठीक आहे, तुमचा प्रोग्राम चुकीची माहिती दाखवतो. तुमच्याच देशाच्या कायद्याने आणि तुमच्याच कराराने आम्हाला तो दुरुस्त करता येतो. या महिन्याच्या वीस तारखेला आम्ही तो उघडणार आहोत. हरकत असेल तर ती कुठल्या ओळीच्या आधारावर, ते कळवावं. खाली दोन कलमांचे क्रमांक, सही, संस्थेचा शिक्का. गेलं ते हेच पत्र. माझी चार पानं मी घरी घेऊन आलो.

आधी आपोआप येतं तसं एक उत्तर आलं, तुमचा निरोप आम्हाला महत्त्वाचा वाटतो वगैरे. मग आठवडाभर काही नाही. मग त्यांच्या कायदा विभागातल्या एका गृहस्थाचं पत्र आलं, अगदी सभ्य. आमची हरकत नाही, आपण आपल्या जबाबदारीवर करावं. आणि एक ओळ अशी, की प्रोग्राम उघडण्याचा संकेतशब्द आपल्याला देता आला असता तर आनंद झाला असता, पण तो प्रोग्राम लिहिणारे लोक आता आमच्याकडे नाहीत आणि तो शब्द आमच्याजवळही नाही. ज्यांनी कुलूप लावलं त्यांच्याकडेच किल्ली नव्हती. ताईंनी ही ओळ नाखवांना मराठीत सांगितली, तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता मिस्त्री हवा होता. आणि मिस्त्री माझ्या नात्यातच होता.

माझा मामा पवईच्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत उपकरणांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. निवृत्त होऊन घाटकोपरला राहतो. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मालवणहून येऊन गिरणीत लागले होते, आणि यंत्राला कान लावायची खोड तिथूनच घराण्यात आली असं आई म्हणते. मी मेट्रोने घाटकोपरला गेलो आणि त्याला सगळी हकीकत सांगितली. तो पेपर बाजूला ठेवून ऐकत होता. नोकरीच्या काळात बाहेरून सुटे भाग यायचे नाहीत, आले तरी वर्ष लागायचं, तेव्हा ते लोक वर्कशॉपमध्ये भाग स्वतः घडवायचे, हे त्याने मला लहानपणापासून अनेकदा सांगितलेलं. तेव्हा ती गोष्ट मला जुन्या लोकांची बढाई वाटायची.

माझं ऐकून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. "कुलूप काढूचा आसा काय मशीन चालू करूचा आसा? आधी तां सांग."

मी म्हणालो, त्यात फरक काय? तो म्हणाला, खूप फरक आहे. आणि पिशवी भरायला उठला.

मामा कोळीवाड्यात आला आणि पहिला अख्खा दिवस त्याने नुसतं बघण्यात घालवला. मशीनचं काम साधं आहे. आत एक थंड पिंप फिरतं, त्यावर पाण्याची धार पडते, पाणी गोठतं, आणि एक पातं तो बर्फ खरवडून खाली पाडतं. पंप, मोटार, गॅसचा कॉम्प्रेसर, सगळं कुठेही मिळेल असं. कुलूप होतं ते फक्त मेंदूच्या डबीत, जी ठरवते की पाणी किती वेळ सोडायचं, पिंप किती वेगाने फिरवायचं, कधी थांबायचं. मामाचं म्हणणं असं की डबी फोडत बसण्यापेक्षा ती काढून ठेवू आणि तिच्या जागी इथेच मिळणारी साधी डबी बसवू, जिचा प्रोग्राम आपण लिहायचा आणि आपल्याला दिसेल असा उघडा ठेवायचा.

मी जरा खट्टू झालो. म्हणजे एवढा कायदा शोधला तो फुकटच गेला का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही रे, नव्या डबीला जुन्या डबीचं वेळापत्रक कळायला हवं ना. ते आत एका कार्डावर होतं. ते वाचायची परवानगी तुमच्या पत्राने आली, नाहीतर मी हात लावला नसता. मामा आयुष्यभर सरकारी नोकरीत होता, सहीशिवाय तो स्क्रूही काढत नाही.

नवी डबी जोगेश्वरीच्या एका औद्योगिक गाळ्यात बनवून मिळाली. मामाने प्रोग्राम लिहिला आणि ताईंना शेजारी बसवून ओळ न् ओळ समजावून सांगितली. ताई करार वाचायच्या तसाच बोट ठेवून तो वाचत होत्या. जुलै संपायला आठवडा असताना आम्ही मशीन चालू केलं. शेडमध्ये बरीच माणसं जमली होती. पिंप फिरलं, पाणी पडलं, आणि खाली जो पडला तो बर्फ नव्हता, गारेगार चिखल होता. हातात धरला की पाणी ओघळायचं.

मामाचा चेहरा उतरला. त्याने वेळापत्रक पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. तंतोतंत जुन्या डबीसारखं होतं. तो मला हळूच म्हणाला, कायतरी चुकलंय माझं. मी त्याला असं बोलताना क्वचितच ऐकलं होतं.

ताई पुढे आल्या, त्यांनी मूठभर बर्फ उचलला, दाबला, सोडला. त्यांना जरासुद्धा नवल वाटलेलं दिसलं नाही. "हा असाच यायचा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं असाच येतोय. आम्हाला वाटलं, मशीनचा बर्फ असाच ओला असतो."

मामाने त्यांच्याकडे बघितलं. मग विचारलं, पाणी कुठून येतं. शेडच्या पत्र्यावरच्या काळ्या टाकीतून. तो वर चढला, टाकीत हात घातला, खाली उतरला. त्या दिवशी ऊन पडलं होतं आणि पाणी अंघोळीला चालेल इतकं कोमट होतं. ज्यांनी मशीन बनवलं त्यांच्याकडे नळाला येतं तेच पाणी थंडगार. त्यांचं वेळापत्रक त्या पाण्यासाठी होतं. इथलं पाणी गोठायला जास्त वेळ लागणार, हे मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची सोयही नव्हती, कारण डबी बंद होती. कंपनीच्या माणसाकडे सुरुवातीलाच दोनदा तक्रार केली होती, त्याने सगळं नियमाप्रमाणे आहे असं लिहून दिलं होतं. तेही खरंच होतं.

मामाने पिंपाचा वेग कमी केला, पाण्याची धार बारीक केली. पडला तो बर्फ जरा बरा होता. त्याने ताईंना बाजूला घेतलं आणि म्हणाला, आता तुम्ही बदला, तुम्हाला बर्फ कळतो, मला नाही. ताईंनी आकडे बदलले. मग थोडे मागे घेतले. त्यांच्या म्हणण्यावरून टाकीवर ओली गोणपाटं टाकली. चौथ्या की पाचव्या खेपेला पात्याखालून कोरडा, पांढरा, खडखडीत चुरा पडायला लागला. बायका पुढे आल्या, एकेकीने हातात घेऊन बघितला. नाखवा खुर्चीतून उठले, त्यांनी एक चिमूट तोंडात टाकली आणि मामाला विचारलं, "बोंबील खातास काय?"

मामा म्हणाला, "मालवणचो आसंय मी. इचारतास काय?"

होड्या गेल्या, आल्या. पहिल्या खेपेचा माल चांगला टिकला, असं ताईंनी वर्गात येऊन सांगितलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. हवालदाराने सगळ्यांत जास्त.

पवईचा परिसंवाद ऑगस्टच्या शेवटी होता. मी निबंधाचा पहिला अर्धा भाग काढून टाकला आणि आयोजकांना विचारून ताईंना बरोबर नेलं. माझं वाचून झाल्यावर त्या पाच मिनिटं बोलल्या, मराठीतच. एका विद्वान गृहस्थांनी विचारलं की एका सहकारी संस्थेच्या बर्फाच्या मशीनवरून देशाच्या धोरणाबद्दल निष्कर्ष काढणं धाडसाचं नाही का. प्रश्न रास्त होता, मीही जुलैत तेच म्हणालो होतो. ताई म्हणाल्या की देशाचं मला माहीत नाही, पण आम्ही सगळं आपल्या घरी बनवा असं म्हणत नाही. मशीन परदेशी असू दे, चांगलं आहे. आमच्या पाण्याप्रमाणे ते आम्हाला बदलता आलं पाहिजे, एवढंच. मी माझ्या निबंधाच्या शेवटी जे दोन परिच्छेदांत सांगायचा प्रयत्न केला होता, ते यापेक्षा वेगळं नव्हतं. त्या गृहस्थांनी जेवणाच्या सुट्टीत ताईंकडून मशीनचा पत्ता लिहून घेतला.

नारळी पौर्णिमेनंतरच्या सर्वसाधारण सभेत संस्थेने ठराव केला. त्याची भाषा ताईंची. यापुढे संस्था कुठलंही यंत्र घेईल तेव्हा त्याचे सगळे संकेतशब्द संस्थेच्या कपाटात राहतील. दुरुस्ती कुणाकडून करायची ते संस्था ठरवेल. यंत्र बाहेरच्या कॉम्प्युटरला न विचारता चाललं पाहिजे. नाखवांनी उभं राहून आणखी एक कलम घालायला लावलं, पडद्यावरची अक्षरं मराठीत हवीत. त्यावरच सभेत सगळ्यांत जास्त चर्चा झाली, कारण मराठी म्हणजे पुस्तकातली की कोळीवाड्यातली, हे ठरेना. शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं. मी या विषयावर बऱ्याच देशांची धोरणं वाचली आहेत. एका पानात मावणारं हे पहिलंच.

मामा आता महिन्यातून दोन शनिवारी तिथे जातो. बायकांना विजेचं पॅनेल, फ्यूज, सेन्सर शिकवतो, आणि येताना त्याची पिशवी जाताना होती त्याहून जड असते. मामीने दुसरा फ्रीज घ्यायचं मनावर घेतलंय.

आणि ताईंचं सांगायचं तर, ऑक्टोबरात मी वर्गाची चाचणी घेतली. एक प्रश्न अर्थातच यावर होता. ताईंनी उत्तरात बर्फाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, वेगवेगळ्या देशांचे कायदे नीट मांडले होते. मी दहापैकी सात दिले, कारण आपल्या देशाचं कलम मला त्यात दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्या पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्यांनी तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. कलम तिथे होतं, क्रमांकासकट. मी वरून घसरत वाचलं होतं.

मी सात खोडून आठ केले आणि सही केली. त्यांनी सही बघितली, तारीखही घाला म्हणाल्या.